पाचशेतली एक प्रत
प्रकाशनाची साधने घरात आली. सीमाभागातल्या मराठीने त्यांचे करायचे काय?

१९९८ साली आमच्या समितीने एक छोटी पुस्तिका काढली होती. जैनथ, बेला, तामसी, तलमडगू या भागांतल्या शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी लिहिलेले लेख, काही गावांची माहिती आणि शाळकरी मुलांच्या कविता असा तिचा मजकूर होता. मराठी अक्षरजुळणी करून देणारा माणूस आमच्या जवळपास सापडेना. म्हणून आम्ही दोघे जण पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका डी.टी.पी. केंद्रावर गेलो. मजकूर देण्यासाठी एक फेरी, मुद्रिते तपासण्यासाठी दोन आणि गठ्ठे आणण्यासाठी एक. वर्गणी गोळा करून पाचशे प्रती छापल्या. काम संपल्यावर केंद्रचालकाने एक फ्लॉपी हातात ठेवली आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, ही सांभाळा. पुन्हा छापायचे झाले तर जुळणीचा खर्च वाचेल.’’

फ्लॉपी मी सांभाळली. गेल्या वर्षी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढावी असे समितीत ठरले, तेव्हा ती पेटीतून बाहेर काढली. फ्लॉपी वाचणारा संगणक शोधण्यात दोन महिने गेले. अखेर तो मिळाला, फाइलही उघडली. पण पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कसल्या कसल्या खुणा यांची नुसती खिचडी! ज्या फाँटमध्ये मजकूर जुळवला होता तो कोणता होता, हेच आता कोणाला आठवेना. मग छापील प्रत शोधायला निघालो. पाचशेपैकी एक प्रत एका वयोवृद्ध सभासदांच्या घरी, देवघराजवळच्या फडताळात मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट वाचता येणारी.

वाचकहो, हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आज प्रकाशनाची साधने कधी नव्हती इतकी स्वस्त आणि सोपी झाली आहेत. जे काम करायला आम्हाला चार फेऱ्या आणि सहा महिने लागले, ते आज नववीतला मुलगा मोबाईलवर एका संध्याकाळी करतो. ही फार मोठी गोष्ट आहे. पण छापणे सोपे झाले म्हणून टिकवणेही सोपे झाले, अशी आपली समजूत झाली असेल तर ती चुकीची आहे. हाच मुद्दा आजच्या लेखात मांडायचा आहे.

दारे दूरची होती

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आपली गावे आंध्र प्रदेशात राहिली आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आली. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. नकाशावरच्या रेघा अशा तीनदा बदलल्या, पण चुलीपाशी बोलली जाणारी भाषा तीच राहिली.

मात्र बोलण्याची भाषा आणि छापण्याची भाषा यांत अंतर पडले. मराठी पुस्तके निघत ती पुण्या-मुंबईला, नागपूरला. पलीकडच्या संपादकाला आपल्या गावांचे प्रश्न परराज्यातले वाटत, तर अलीकडच्या कार्यालयांना मराठी ही थोड्या लोकांची भाषा वाटे. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ या त्रैमासिकातून तेलुगू आणि मराठी यांच्या देवाणघेवाणीला जागा दिली, हे आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. पण बेल्याच्या शेतकऱ्याने लिहिलेला चार पानांचा मजकूर छापायचा कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

संविधानातल्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तेलुगू ही आपल्या राज्याची भाषा आहे. ती आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. परंतु शाळेतला मराठीचा वेळ जसजसा कमी होईल, तसतसे घरी वाचायला चांगले मराठी हवे. ते कोणतेही कलम पुरवणार नाही. ते आपल्यालाच पुरवावे लागेल.

खिळ्यापासून संकेतांकापर्यंत

बदल नेमका काय झाला, हे थोडक्यात समजून घेऊ. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुबक रूप दिले. तरीही देवनागरीची जुळणी हे इंग्रजीपेक्षा कितीतरी कष्टाचे काम होते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांसाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागत. ते जुळवणारा जुळारी हाच छापखान्याचा कणा असे. असा छापखाना मोठ्या शहरातच परवडे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात संगणकाने खिळे हटवले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. खासगी कंपन्यांनीही सुंदर फाँट काढले. पण त्यांत एक खोट होती. संगणकाच्या पोटात मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेच जात नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे आणि ही बसवण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. एका फाँटमधला ‘क’ दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच काही दिसे. माझ्या फ्लॉपीतली खिचडी ती हीच. असा जुना मजकूर बदलून देणारी साधने आता आहेत. पण त्यासाठी मूळ फाँट कोणता होता हे ठाऊक असावे लागते.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातच देवनागरीला जागा मिळाली. शाळेच्या हजेरीपटात प्रत्येक मुलाला एक क्रमांक असतो. वर्ग बदलला, गुरुजी बदलले तरी त्या पटावर नाव आणि क्रमांक यांची गाठ सुटत नाही. तसाच प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक. ‘क’ म्हणजे ०९१५, मग संगणक कोणत्याही कंपनीचा असो. तेलुगू अक्षरांनाही असेच स्वतःचे क्रमांक आहेत. त्यामुळे एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर तेलुगू असे पुस्तक आज एकाच फाइलमध्ये जुळवता येते. आपल्यासारख्या दुभाषी भागाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

गुंजाल्याचा धडा

या बदलाचे मोल काय, हे पाहायला पुण्याला जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गाव आहे. तिथल्या गोंड कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तलिखित पोथ्या होत्या आणि त्यांची लिपी बाहेरच्या जगाला माहीत नव्हती. प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोथ्यांचा अभ्यास केला. गावातल्या मोजक्या वृद्धांना ती लिपी वाचता येत होती. त्यांनी ती मुलांना शिकवली. पुढे तिचा फाँट तयार झाला आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ लिपीला तिचे हक्काचे क्रमांक मिळाले. एका खेड्यातल्या घराघरांत असलेली लिपी जगातल्या संगणकांच्या पटावर नोंदली गेली!

गोंडी आणि देवनागरी यांचाही आपल्या भागात जुना संबंध आहे. १९४३ साली हैमेन्डॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेव्हा गोंडीची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या अधिकाऱ्याने गोंडी शिकून तिचा अभ्यास केला. आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेने सोसलेली उपेक्षा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी होती. तरी त्यांनी हाती होते ते जपले, योग्य वेळी अभ्यासकांसमोर ठेवले आणि नव्या साधनाचा उपयोग करून घेतला. पोथ्याच जपल्या नसत्या तर युनिकोड काय कामाचे होते? आधी जपणूक, मग तंत्र. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

हाताशी काय आले

आता आपल्या हाताशी काय आले आहे ते पाहू. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. माझ्या लहानपणी त्याचा एखादा अंक पाहुण्यांच्या पिशवीतून यायचा आणि फाटेपर्यंत फिरायचा. आज ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड गावच्या वाचनालयाला परवडत नव्हते. तेही आता मोबाईलवर उघडतात. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तिथली मुलांची चित्रमय पुस्तके उतरवून घ्यायला आणि छापून वर्गात वापरायला मोकळीक आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही भाषांतली पुस्तके तिथे मिळतात. माझ्या वर्गातली मुले एकच गोष्ट आधी मराठीत आणि मग तेलुगूत वाचतात. दोन्ही भाषा पक्क्या व्हायला त्याने मदत होते, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांत मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. एवढे सगळे छापायचे म्हटले असते तर किती ग्रंथ झाले असते आणि ते कोणी घेतले असते? २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने या ओव्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली. गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, तिचा आवाज आणि ओवीचा मजकूर, सगळे एकत्र. ज्या बाईचे नाव कधी कोणत्या कागदावर आले नसते, ती आज गायिका आणि रचनाकार म्हणून नोंदली गेली आहे. याला म्हणतात प्रकाशन!

मोबाईलवर टाकले म्हणजे झाले?

पण हेच चित्र आपल्याकडे कसे दिसते, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या शाळेतल्या एका मुलाने आपल्या आजीच्या ओव्या मोबाईलवर टिपल्या होत्या. चाळीसएक असतील. गावाच्या ग्रुपवर त्याने त्या टाकल्या. सगळ्यांनी ऐकल्या, कौतुक केले, हात जोडल्याची चित्रे पाठवली. मीही पाठवले. कोणी उतरून घेतल्या नाहीत. मी शिक्षक, समितीचा सभासद; मीही नाही. पुढे मुलाचा मोबाईल बिघडला, नवा आला, ग्रुपवरचे जुने आवाज उघडेनासे झाले. त्याच उन्हाळ्यात आजी वारली. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्याकडं असंल ना?’’ माझ्याकडे नव्हते.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली आहे. चार लोकांना पाठवणे म्हणजे प्रकाशन नव्हे. प्रकाशनात तीन कामे असतात: निवडणे, तपासणे आणि टिकवणे. छापण्याचे काम यंत्राने हलके केले. ही तीन कामे मात्र पूर्वी संपादक, मुद्रितशोधक आणि ग्रंथपाल करत, ती आज कोणीच करत नाही. म्हणून कोणाचीही कविता कोणाच्याही नावावर फिरते. म्हणून मोठ्या लेखकांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली वाक्ये खपतात. म्हणून एखाद्या लेखकाचे आख्खे पुस्तक फोटो काढून फुकट वाटले जाते आणि वाटणाऱ्याला आपण मराठीची सेवा केली असे वाटते. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आपल्या देशात त्या लेखनावर हक्क असतो. पुस्तक आपल्या गावात मिळत नाही ही अडचण खरी. पण प्रकाशकच बुडाला तर उद्याचे पुस्तक निघणार कोठून?

तपासण्याच्या कामाचे एक लहानसे उदाहरण देतो. आपल्याकडे कापूस निघाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. हा शब्द बहुतेक मुले मोबाईलवर ‘पर्हाटी’ असा लिहितात. ‘शेतकऱ्यांनी’चे ‘शेतकर्यांनी’ होते. मुलांची चूक नाही. कळफलकावर हा अर्धा ‘र’ कसा काढायचा ते त्यांना कोणी दाखवलेले नाही. नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि पुढचे अक्षर लिहायचे, एवढेच. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही अनेक मोबाईलवर हिंदी वळणाने दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली देवनागरी लिपी आणि वर्णमालेबाबत आदेश काढून ही वळणे निश्चित केली आहेत. इंग्रजी शब्दांसाठी लागणारा ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला. कोणी तरी मागणी लावून धरली, तेव्हा या गोष्टी झाल्या.

आणखी एक नवी बाब. आता संगणक स्वतः मराठी वाचू-लिहू लागला आहे आणि तो हे शिकतो ते प्रामुख्याने इंटरनेटवर असलेल्या लेखनातून. तिथे पुण्या-मुंबईची मराठी आहे. ‘येऊन राहिला’ म्हणणारी, तेलुगू शब्द सहज पोटात घेणारी आपली मराठी तिथे जवळजवळ नाही. उद्या हे यंत्र आपल्या मुलांना सांगेल की तुमची आजी बोलते ते अशुद्ध आहे. आणि त्याला खोडून काढणारा छापील पुरावा आपल्याजवळ नसेल.

करण्यासारखे

रडगाणे गाऊन काही होत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. त्यापुढे आपल्या हातून होण्यासारखे काय आहे, ते असे:

एक, प्रत्येक गावाने एक वही करावी. गावातल्या जुन्या माणसांकडून ओव्या, म्हणी, शेतीचे शब्द, गावाच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी आणि नाव छापण्याची परवानगी विचारावी. आवाज टिपला तर तो त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन ठिकाणी साठवावा.

दोन, मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. डी.टी.पी.वाल्याने दुसऱ्या फाँटमध्ये केला तर युनिकोड प्रत मागून घ्यावी. तीस वर्षांपूर्वी आम्हाला हे ठाऊक नव्हते; आज ठाऊक नसल्याची सबब चालणार नाही.

तीन, दोघांनी वाचल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ देऊ नये. प्रत्येक गावात एखादे निवृत्त शिक्षक असतातच. त्यांच्या चष्म्याचा उपयोग करून घ्यावा. बोलीतला शब्द मात्र पुस्तकी करू नये. तो बोलला जातो तसाच ठेवावा.

चार, थोड्या का होईना, छापील प्रती काढाव्यात. पूर्वी पाचशे-हजार प्रतींखाली छपाई परवडत नसे. आता डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. पुस्तकाला आय.एस.बी.एन. क्रमांक घ्यावा. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय यंत्रणा तो विनामूल्य देते.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. १९९८ साली आम्ही त्या पाठवल्या नाहीत. पाठवल्या असत्या तर देवघराजवळच्या फडताळाची वाट पाहावी लागली नसती.

यात कोठेही सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही आणि कोणत्याही मोठ्या शहराचे दार ठोठवावे लागत नाही. नव्या युगाने आपल्याला दिले आहे ते हेच. प्रकाशक होण्यासाठी आता सीमा ओलांडावी लागत नाही. मात्र प्रकाशकाची जबाबदारीही त्याबरोबर आपल्या अंगणात आली आहे.

त्या वाळवी लागलेल्या प्रतीवरून आमच्या शाळेतल्या दोन मुलींनी पुस्तिकेचा सगळा मजकूर पुन्हा टाइप केला आहे. सध्या मी मुद्रिते तपासतो आहे. शेवटी चार कोरी पाने ठेवली आहेत. आजीच्या ओव्यांपैकी शेजारणींना, सुनांना जेवढ्या आठवतील तेवढ्या तो मुलगा उतरवून आणतो आहे. आतापर्यंत सात जमल्या. आपल्या गावातल्या कोणाला काही आठवत असेल तर आजच एका वहीत लिहून ठेवावे आणि आमच्यापर्यंत पोहोचवावे, ही सर्व मराठी बंधुभगिनींना नम्र विनंती.

(लेखक शिक्षक असून सीमाभागातील मराठी समितीचे सदस्य आहेत.)